काउतिबेरियो : एका शब्दाच्या निमित्ताने

काही शब्दांचा अर्थ कोशातल्या एका ओळीत मावतो, पण त्यांचे चरित्र सांगायला बसलो तर रात्र पुरत नाही. स्पॅनिश भाषेतील 'काउतिबेरियो' हा शब्द त्या जातीचा आहे. शत्रूच्या हाती सापडून स्वातंत्र्य गमावणे, बंदिवास, असा त्याचा अर्थ कोणताही कोश सांगेल. महाविद्यालयात असताना मुंबईत एका वृद्ध स्पॅनिश धर्मगुरूंच्या हाताखाली आम्ही ती भाषा थोडीफार शिकलो. तेव्हापासून हा शब्द आमच्या सोबतीला आहे आणि इतक्या वर्षांत त्याने आम्हांला एकाहून एक वेगळी दालने उघडून दाखविली आहेत. त्यांपैकी काही वाचकांसमोर ठेवावीत, असे मनात आहे.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'कापेरे' म्हणजे पकडणे, हस्तगत करणे. त्यापासून 'काप्तिवुस', म्हणजे पकडला गेलेला. स्पॅनिश जिभेवर येता येता त्यातील 'प' विरघळला आणि त्याचा 'उ' झाला. 'काप्तिवुस'चा 'काउतिबो' झाला आणि त्या अवस्थेचे नाव पडले काउतिबेरियो. नेमका हाच बदल आपल्या नित्य परिचयाच्या एका शब्दातही झालेला आहे. बाप्तिस्म्याला स्पॅनिश भाषेत 'बाउतिस्मो' म्हणतात. बंधनाचा शब्द आणि पापबंधनातून मोकळे करणाऱ्या संस्काराचा शब्द एकाच वाटेने चालत आले. हा योगायोग ध्वनिशास्त्राचा आहे, ईश्वरशास्त्राचा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही तो लक्षात राहतो.

या शब्दाच्या सख्ख्या बहिणी शेजारच्या देशांत नांदतात आणि त्यांची दैवगती अधिक बोलकी आहे. इटालियन भाषेत 'कात्तीवो' म्हणजे वाईट, दुष्ट. जुन्या ख्रिस्ती लेखनात पापी माणसाला 'सैतानाचा बंदिवान' म्हणत, त्यातला सैतान कालांतराने गळून पडला आणि नुसता बंदिवान तेवढा दुष्ट म्हणून उरला, अशी त्याची उपपत्ती सांगतात. फ्रेंच भाषेत त्याच शब्दाचा 'शेतीफ' झाला, म्हणजे किरकोळ, दुबळा, केविलवाणा. जुन्या स्पॅनिशमध्येही 'काउतिबो' म्हणजे दैवहत, करंटा, असा एक अर्थ होता. डॉन किहोते आपल्या प्रतिस्पर्ध्याला हिणवताना तो वापरतो. एका माणसाला कोणीतरी धरून नेले, एवढीच मूळ घटना. पण लोकांनी आधी त्याची कीव केली, मग त्याला क्षुद्र मानले आणि शेवटी त्यालाच दुष्ट ठरविले. तीन भाषांनी मिळून मानवी स्वभावाची ही साक्ष नोंदवून ठेवली आहे. ज्याला पकडले, त्याने काहीतरी केलेच असणार, हा समज किती जुना आहे पाहा!

स्पेनच्या कायद्याने मात्र या शब्दाची फार काळजीपूर्वक पारख केली होती. तेराव्या शतकात राजा दहावा आल्फोन्सो याने 'सिएते पार्तिदास', म्हणजे सात भागांची संहिता, सिद्ध करविली. तिच्या दुसऱ्या भागात बंदिवानांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याच्या आरंभीच 'प्रेसो' आणि 'काउतिबो' यांमधला भेद सांगितला आहे. प्रेसो म्हणजे कैदी. त्याला कोंडलेले असते, पण कोंडण्यापलीकडे त्याच्या देहाला दुसरी पीडा होत नाही. काउतिबो मात्र अन्य धर्मीयांच्या हाती सापडलेला. त्याला धरणारे त्याचा छळ करू शकतात, त्याला राबवू शकतात, विकू शकतात, मारूही शकतात. त्याला आपले म्हणावे असा कायदा तेथे नसतो. थोडक्यात, प्रेसोच्या डोक्यावर न्यायाचे छप्पर असते. काउतिबो उघड्यावर पडलेला असतो. कोठडी दोघांचीही सारखीच असेल, पण प्रेसोला आपली मुदत ठाऊक असते आणि काउतिबोला फक्त आपली किंमत ठाऊक असते.

याच संहितेत पुढे 'आल्फाकेके' नावाच्या माणसांविषयीचे नियम आहेत. हा शब्द अरबीतून आलेला. सोडविणारा, असा त्याचा अर्थ. सरहद्द ओलांडून पलीकडे जाणे, बंदिवानांचा शोध घेणे, सौदा ठरविणे आणि पैसे मोजून त्यांना घरी आणणे, हे त्यांचे काम. अशा माणसाच्या अंगी सहा गोष्टी असाव्यात, असे संहिता सांगते : तो सत्यवचनी असावा, निर्लोभी असावा, दोन्हीकडची भाषा जाणणारा असावा, कोणाचा द्वेष्टा नसावा, धैर्यवान असावा, आणि सहावी गोष्ट, त्याची स्वतःची काही मालमत्ता असावी. पहिल्या पाच गुणांचे कौतुक वाटते, सहाव्याचे मर्म नंतर उमगते. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही आहे, त्याच्याच शब्दावर दुसऱ्याची सुटका सोपवता येते. ही सहावी अट लेखाच्या शेवटी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

जेथे आल्फाकेके पोहोचत नसत, तेथे व्रतस्थ पोहोचले. संत जॉन दि माथा यांच्या त्रैक्य संघाच्या नियमावलीला ११९८ साली पोप तिसरे इनोसंट यांनी मान्यता दिली. संघाच्या उत्पन्नाचे तीन भाग करावेत आणि त्यांतला एक भाग बंदिवानांच्या सुटकेसाठी बाजूला काढावा, असा तो नियम होता. पुढे १२१८ साली बार्सिलोना येथे संत पीटर नोलास्को यांनी 'ला मेर्सेद', म्हणजे दयामातेच्या, संघाची स्थापना केली. या संघाचे सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज चौथे व्रत घेत. एखाद्या बंदिवानाची श्रद्धा धोक्यात असेल आणि पैसे अपुरे पडत असतील, तर त्याच्या जागी आपण ओलीस राहायचे. संत रेमंड नोन्नातुस असे ओलीस राहिले आणि ते उपदेश थांबवीनात म्हणून त्यांच्या ओठांना भोक पाडून कुलूप घातले गेले, अशी परंपरागत कथा आहे.

या संघांनी सोडविलेल्या बंदिवानांत एक नाव जगप्रसिद्ध आहे. २६ सप्टेंबर १५७५ रोजी नेपल्सहून स्पेनला परतणारे एक गलबत चाच्यांनी पकडले. त्यावर मिगेल दे सेर्वान्तेस हा सुमारे अठ्ठावीस वर्षांचा सैनिक आणि त्याचा भाऊ रोद्रिगो होते. लेपांतोच्या १५७१ च्या लढाईत मिगेलचा डावा हात निकामी झाला होता. मोठमोठ्या सेनानींनी दिलेली शिफारसपत्रे त्याच्याजवळ सापडली आणि तीच त्याला नडली. हा कोणी बडा असामी दिसतो, असे समजून पकडणाऱ्यांनी त्याची किंमत वाढविली. अल्जिअर्समध्ये त्याने पाच वर्षे काढली, चार वेळा पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि चारही वेळा तो फसला. तिकडे घरी आईने काय करावे? पती हयात असताना तिने सरकारदरबारी आपण विधवा असल्याचे सांगितले, का तर काही मदत पदरात पडावी. एका भावापुरते पैसे जमले आणि १५७७ साली रोद्रिगो सुटला. मिगेल मागे राहिला. अखेर त्रैक्य संघाचे फादर हुआन हिल यांनी घरून आलेले पैसे, भिक्षा आणि व्यापाऱ्यांकडून घेतलेली रक्कम यांची मोळी बांधून ५०० सुवर्ण एस्कुदो भरले. तो दिवस १९ सप्टेंबर १५८० चा. कॉन्स्टँटिनोपलला निघालेल्या गलबतावर सेर्वान्तेसला तेव्हा साखळदंडांत बसविलेले होते. फादर हिल थोडे उशिरा पोहोचते, तर 'डॉन किहोते' लिहिला गेला नसता.

त्या ग्रंथाच्या १६०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात ३९ ते ४१ ही तीन प्रकरणे एका बंदिवानाच्या कथेला दिलेली आहेत. अल्जिअर्सच्या अनुभवावर त्याने नाटकेही लिहिली. सेर्वान्तेस १६१६ साली माद्रिदमध्ये मरण पावला, तेव्हा त्याला त्रैक्य संघाच्या धर्मभगिनींच्या मठात पुरण्यात आले. ज्यांनी सोडविले, त्यांच्याच अंगणात तो विसावला.

हे सोडविणारे व्रतस्थ स्पेनमध्ये कोणत्या नावाने ओळखले जात? 'रेदेन्तोर'. म्हणजे तारणारा! आपण प्रभू येशूला जे नाव देतो, तेच नाव थैली घेऊन समुद्रापार जाणाऱ्या या माणसांना होते. त्यात अनादर नव्हता. उलट शब्दाचा मूळ अर्थ त्यांनीच जागता ठेवला होता. रेदेन्तोर म्हणजे किंमत मोजून परत घेणारा. आपल्या मराठी बायबलमध्ये प्रभूच्या आत्मार्पणाविषयी 'खंडणी' हा शब्द येतो. आज वर्तमानपत्रांनी त्या शब्दाला गुंडांच्या हवाली केले आहे, म्हणून तो वाचताना नव्या वाचकाला अडखळल्यासारखे होते. परंतु मराठीत त्या अर्थाचा एक घरगुती शब्दही आहे : सोडविणे. अडचणीच्या वेळी आईची पाटली गहाण पडते आणि हंगाम झाला की, आपण ती 'सोडवून' आणतो. पाटली आपलीच असते, पण तिच्यासाठी किंमत भरावी लागते. तारणाचा एवढा सोपा अर्थ आम्हांला कुठल्याच प्रवचनात सापडला नाही.

येथे एक गोष्ट सांगितली नाही, तर लेखणीशी अप्रामाणिकपणा होईल. भूमध्य समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर बंदिवान होते. स्पेन, इटली आणि माल्टा यांच्या गलबतांवर मुसलमान बंदिवान वल्ही मारीत होते आणि त्यांच्याही आया कुठेतरी पैसे जमवीत होत्या. आपल्या किनाऱ्याचे तरी काय? पोर्तुगीज भाषेतला 'कातिवो' हा या शब्दाचा भाऊ गोव्यात आला, तो गुलामाचा वाचक होऊनच. यान हाइखेन वान लिन्सखोतेन हा डच प्रवासी १५८० च्या दशकात गोव्यात राहिला होता. तेथील मुख्य रस्त्यावर माणसांची विक्री कशी होई, ते त्याने लिहून ठेवले आहे. बंदिवानांच्या सुटकेसाठी भिक्षा मागणारे हात आणि बंदिवान विकत घेणारे हात एकाच धर्माचे होते. आपला तो काउतिबो आणि दुसऱ्याचा तो गुलाम, असा भेद शब्द करीत नाही. तो माणसे करतात.

शब्दाचे आणखी एक दालन आहे आणि तेथे एकदम उजेड आहे. 'काउतिबार' या क्रियापदाचा पहिला अर्थ बंदी करणे, पण दुसरा अर्थ मन जिंकणे, भुरळ घालणे. एखादे गाणे, एखाद्या बालकाचे हसू माणसाला 'काउतिबार' करते. आजच्या स्पेनमध्ये हाच अर्थ अधिक कानावर पडतो. माद्रिदमध्ये बांधलेल्या हातांनी उभ्या असलेल्या प्रभू येशूची एक मूर्ती आहे. ती १६८१ साली मोरोक्कोत पकडली गेली आणि पुढच्या वर्षी त्रैक्य संघाने ती माणसासारखीच पैसे भरून सोडवून आणली. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी तिच्या दर्शनाला माद्रिदमध्ये लांबच लांब रांगा लागतात. मालागा शहरात पवित्र सप्ताहाच्या सोमवारी शुभ्र झग्यातील येशूची मिरवणूक निघते; त्याला लोक नुसते 'एल काउतिबो' म्हणतात. बंदिवान आणि मन बांधून घेणारा, हे दोन्ही अर्थ त्या एका मूर्तीत एकवटलेले आहेत.

परंतु विसाव्या शतकाने हा शब्द पुन्हा अंधारात नेला. आर्जेन्टिनात १९७६ ते १९८३ या काळात लष्करी राजवट होती. पकडून नेलेल्या गर्भवती स्त्रियांची गुप्त छळछावण्यांत बाळंतपणे झाली, बाळे इतरांना वाटली गेली आणि आयांचा ठावठिकाणा उरला नाही. 'काउतिबेरियोत जन्मलेला' हा शब्दप्रयोग एरव्ही प्राणिसंग्रहालयातील पिलांविषयी वापरतात. त्या देशात तो माणसांच्या मुलांविषयी वापरावा लागला. या मुलांच्या आज्यांनी १९७७ साली एकत्र येऊन शोध सुरू केला. अशी सुमारे ५०० मुले असावीत, असा त्यांचा अंदाज आहे आणि आजपर्यंत १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. कोलंबियात अपहरणांचा सुळसुळाट झाला होता, तेव्हा १९९४ मध्ये एका पत्रकाराने रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. तो स्वतः अपहरणातून वाचलेला होता. रात्रीच्या वेळी घरची माणसे त्या कार्यक्रमातून जंगलात कोंडलेल्या आपल्या माणसाशी बोलत. धाकटीचे दात आले, परसातला आंबा मोहरला, असले निरोप. ऐकणारा जिवंत आहे की नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसे. २०१८ पर्यंत तो कार्यक्रम चालला. कोणी सोडवायला येईपर्यंत निदान आवाज तरी पोहोचावा, एवढीच त्यामागची धडपड.

आता आपल्या मराठीकडे वळू. कारागृहसेवा करणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील मंडळींसाठी दयामातेला उद्देशून असलेली एक छोटी स्पॅनिश प्रार्थना मराठीत आणण्याचे काम काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. तीत 'काउतिबोस' हा शब्द होता. त्याला मराठीत काय म्हणावे? 'कैदी' म्हटले की, गुन्हा आणि शिक्षा डोळ्यांपुढे येतात. 'बंदी' हा सरकारी शब्द. कारागृहाच्या कागदांवर 'न्यायाधीन बंदी' आणि 'सिद्धदोष बंदी' असे दोन रकाने असतात. 'बंदिवान' गोड आहे, पण तो पुस्तकात राहतो. बखरींच्या भाषेत लढाईत धरला गेलेला माणूस 'पाडाव' होतो. अर्थाने हाच शब्द काउतिबोच्या सर्वांत जवळचा, पण आज तो किती जणांना कळेल? शब्द शोधीत असतानाच आम्ही त्या मंडळींबरोबर कारागृहात जाऊ लागलो आणि शब्द आम्हांला तेथे सापडला.

वीटभट्टीवर काम करणारा एक परगावचा तरुण तेथे होता. किरकोळ चोरीच्या आरोपावरून त्याला आणले होते. खटला उभा राहिलेला नव्हता. तुझे काय झाले, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "जामीन कधीच झालाय, सात महिने झाले. पण सोडवायला कोणी नाही ना, सर."

सोडवायला कोणी नाही! न्यायालयाने पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार मागितला होता. त्याच्याजवळ पैसे नव्हते आणि त्या गावात त्याला ओळखणारेही कोणी नव्हते. न्यायाने त्याला सोडले होते, तरी तो आत होता. राजा आल्फोन्सोच्या संहितेने विचारले असते, हा प्रेसो की काउतिबो? त्याला शिक्षा झालेली नव्हती. त्याची फक्त किंमत ठरलेली होती.

तो एकटाच असता, तर आम्ही एवढे लिहिले नसते. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत दर चार माणसांमागे तीन न्यायाधीन होते, म्हणजे दोषी ठरलेले नव्हते. त्यांतील कित्येकांची अडचण गुन्ह्याची नसते, ऐपतीची असते. जामिनाची रक्कम भरू न शकणाऱ्या गरीब बंद्यांना साहाय्य देण्याची योजना केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केली, यावरूनच प्रश्न किती मोठा आहे, ते कळते. पण पैसे सरकारचे आले, तरी ओळखीचा माणूस कुठून आणायचा? आणि आपण मात्र त्या भिंतीकडे पाहताना त्या जुन्या इटालियन माणसासारखेच मनात म्हणतो : आत आहे, म्हणजे 'कात्तीवो'च असणार.

त्या तरुणासाठी आमच्या धर्मग्रामातील एक सेवानिवृत्त शिक्षक पुढे झाले. सातबारा, शिधापत्रिका आणि तहसील कचेरीतून आणलेला ऐपतीचा दाखला घेऊन ते न्यायालयात उभे राहिले. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही आहे, असा माणूस. आल्फाकेकेची सहावी अट ती हीच. घरच्यांनी त्यांना विचारले होते, "पोरगा तारखेला आला नाही तर?" ते एवढेच म्हणाले, "तर मी भरीन." मूळ अरबी शब्दात 'जामीन' म्हणजे कागद नव्हे की रक्कम नव्हे, जामीन म्हणजे हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहतो' असे आपण म्हणतो, तेव्हा मेर्सेद संघाच्या त्या चौथ्या व्रताचाच एक छोटा अंश बोलत असतो. तो तरुण सुटला आणि पुढे प्रत्येक तारखेला हजर राहिला, हेही येथे नमूद करावयास हवे.

प्रार्थनेच्या मराठी पाठात आम्ही शेवटी 'ज्यांना सोडवायला कोणी नाही' असे लिहिले. एका शब्दासाठी चार शब्द खर्ची पडले, पण कारागृहात ती प्रार्थना म्हणताना त्या शब्दांपाशी आवाज चढतो, हे आम्ही अनेकदा ऐकले आहे.

आपल्या वसईत मर्सेस नावाचे गाव आहे आणि तेथे दयामातेचे मंदिर आहे. गोव्यातही पणजीजवळ याच नावाचे गाव आहे. केरळात वल्लारपाडम येथे तीच माता 'सोडविणारी माता' म्हणून पूजिली जाते. 'नोस्सा सेन्योरा दास मेर्सेस' हे मरियामातेचे पोर्तुगीज नाव त्याच 'मेर्सेद'चे भावंड आहे, ज्या नावाने बार्सिलोनात बंदिवानांसाठी संघ उभा राहिला. गावाचे नाव आपण बसच्या पाटीवर वाचतो आणि पुढे जातो. २४ सप्टेंबरला तिचा सण येतो. मिस्सा होईल, गोडधोड होईल. त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातील कारागृहात जामीन होऊनही किती जण आत आहेत, याची चौकशी एका कुटुंबाने जरी केली आणि कपाटातला सातबारा बाहेर काढला, तरी त्या नावाचे सार्थक होईल.